वीणेच्या पाया पडताना

१

रामजींनी वाचनालयाच्या दालनाचं कुलूप उघडलं तेव्हा सत्काराला आलेली मंडळी व्हरांड्यात चपला काढत होती. आत खुर्च्या जागेवर होत्या, सतरंजी जागेवर होती, टेबलावरचा हिरवा रुमालही जागेवर होता. दुपारी तो ज्या चांदीच्या करंडकावर झाकला होता, तो करंडक मात्र नव्हता. रुमालाची नीट चौघडी घालून ती टेबलाच्या मधोमध ठेवलेली होती.

करंडक महाडच्या या वाचनालयाचा नव्हता. मुंबईच्या कायद्याच्या महाविद्यालयांत दर वर्षी अभिरूप न्यायालयाची स्पर्धा होते. खटला खोटा, कायदे खरे; विद्यार्थी वकील होऊन उलटतपासणी घेतात आणि खरे न्यायाधीश ऐकायला बसतात. पोलादपूरजवळच्या बौद्धवाडीतली ललिता ही स्पर्धा लागोपाठ दुसऱ्यांदा जिंकली होती. करंडक फिरता होता. गावच्या लोकांना पाहता यावा म्हणून महाविद्यालयानं तिच्या जबाबदारीवर तो दोन दिवसांसाठी दिला होता. सोमवारी परत गेला नाही तर पुढच्या अखिल भारतीय फेरीतून तिचं नाव जाणार होतं.

पण त्या घडीला ललिताच्या मनात सोमवार नव्हता. दालनाची किल्ली ज्यांच्या कमरेला होती ते रामजी, वाचनालयाचे शिपाई, तिचे वडील होते.

दालनाला दोन किल्ल्या. दुसरी चिटणीस रघुवीर सरांच्या सदऱ्याच्या खिशात असे. कुलूप शाबूत, खिडक्यांना गज. शेजारच्या विठ्ठलमंदिरात सप्ताह चालू होता आणि दुपारनंतरच्या कीर्तनाला सगळा पेठभाग तिथं लोटला होता. रघुवीर सर तर या कीर्तनात वीणेवर होते. सप्ताहात वीणा जमिनीला टेकवत नाहीत. ती अखंड कोणाच्या ना कोणाच्या गळ्यात असते, आणि ज्याच्या गळ्यात असेल त्यानं बुवांच्या मागं उभं राहायचं, जागा सोडायची नाही.

हे सगळं सत्कार समितीचे दत्तारामशेठ यांनी मोठ्यानं मांडलं. भांड्यांचं दुकान असल्यामुळं चांदीबद्दल बोलण्याचा अधिकार आपला आहे असं ते धरून चालत.

"कुलूप शाबूत आहे. मग करंडकाला काय पाय फुटले? सर वीणेवर होते, हे अख्ख्या गावानं पाहिलंय. उरलं कोण?"

पोलादपुराकडून एस.टी.नं आलेली वाडीची माणसं भिंतीला लागून उभी होती, ती आणखी थोडी मागं सरकली.

रामजी एवढंच म्हणाले, "मी कुलूप लावलं, ओढून बघितलं आन् स्टँडवर गेलो. हिची आई माहेराहून खेड गाडीनं येणार होती. दुसरं मला काय ठावं नाय."

खेड गाडी कशेडी घाटात आडव्या झालेल्या ट्रकमागं अडकली होती. त्यामुळं रामजी कितीतरी वेळ स्टँडवर एकटेच उभे होते, आणि ते सगळा वेळ तिथंच होते असं सांगणारं कोणी नव्हतं.

दत्तारामशेठनी पोलिसांना बोलवायला माणूस धाडायचं ठरवलं.

२

त्यांना थांबवलं रघुवीर सरांनी.

"पोलीस नकोत," ते हळूच म्हणाले. "उद्याच्या काल्यापर्यंत थांबा. सापडेल."

सर असं म्हणाले याचं कोणाला नवल वाटलं नाही. ते शाळेत मराठी शिकवत, वाचनालय चालवत, वर्षानुवर्षं सप्ताहात वीणेचा पहारा करत. ललिताकडून पहिलं भाषण त्यांनीच, आयतं लिहून न देता, तयार करून घेतलं होतं. म्हणजे मुद्दे तिचे, सुधारणा त्यांच्या. तिच्या निकालाची तार आली तेव्हा वर्गात पेढे वाटणारेही तेच.

वाचनालयाचे आणि सत्कार समितीचे अध्यक्ष चिंतामणी, ज्यांना गाव अण्णा म्हणे, कोर्टातून शिरस्तेदार, म्हणजे मुख्य कारकून, म्हणून निवृत्त झाले होते. निवृत्तीनंतर त्यांनी एकही कीर्तन चुकवलं नव्हतं. बुवांनी कथा उचलली की अण्णांचा चष्मा पुसायला निघे, आणि गजर सुरू झाला की त्यांचे डोळे मिटत ते गजर थांबल्यावरच उघडत. आजही पहिल्या रांगेत बसून त्यांनी मनसोक्त ऐकलं होतं. संताच्या घरी नोकर होऊन कावडीनं पाणी भरणाऱ्या देवाची कथा होती. ती गोडी अजून चेहऱ्यावर असतानाच हा प्रकार समोर आला होता.

अण्णांनी ललिताला जवळ बोलावलं आणि विचारलं, आता काय करावं म्हणतेस.

ती म्हणाली, "अण्णा, मला थोडा वेळ द्या. ज्या कामासाठी तुम्ही माझा सत्कार करणार होता, तेच काम मला इथं करू द्या. तुम्ही न्यायाधीश व्हा. शेठजी आरोप ठेवतील. मी आबांची वकील."

दत्तारामशेठ हसले. सतरंजीवर खोटं कोर्ट भरवून खरा चोर सापडत नाही, असं काहीसं ते बोलले. पण लोक आलेलेच होते, आणि नुसत्या हार-शालींपेक्षा हे पाहायला त्यांना आवडणार होतं. अण्णांनी कंदील लागेपर्यंतचा वेळ दिला.

ललिता आधी टेबलाशी गेली. रुमाल उचलून तिनं घडी पाहिली. कडेला कड जुळवलेली होती. घाईत चोरी करणारा माणूस घडी घालत बसत नाही. ज्याच्या हाताला ती सवय आहे, त्याचा हात आपोआप घालतो. शाळेत फळा पुसायच्या फडक्याची अशीच घडी तिनं वर्षानुवर्षं पाहिली होती.

मग ती अण्णांकडे परत आली आणि तिनं एक साधी गोष्ट विचारली. सर वीणेवर होते, हे कोणाकोणाच्या तोंडून ऐकलं?

अण्णांनी आठवून पाहिलं. दत्तारामशेठ म्हणाले होते. पेठेतले दोघे-तिघे म्हणाले होते. अण्णा स्वतःही म्हणाले होते.

"आणि सर?"

अण्णांचा हात चष्म्याकडे गेला. सर काहीच म्हणाले नव्हते. प्रत्येक वेळी त्यांनी फक्त मान खाली घातली होती.

३

सव गावची टाळकरी मंडळी कीर्तन संपताच टेम्पोनं गावाकडे परतली होती. त्यांना उजेडात पोचता यावं म्हणूनच तर या सप्ताहात कीर्तन रात्री न ठेवता दुपार उलटताच लावत. बुवा पुढं तोंड करून उभे, त्यांना मागचं दिसणं शक्य नव्हतं. तेव्हा कीर्तनात काय घडलं हे श्रोत्यांनाच विचारायचं होतं, आणि ललिता कधी कीर्तनाला गेलेली नव्हती.

म्हणून ती अण्णांच्या पत्नी कालिंदीबाईंपाशी जाऊन बसली. मला यातलं कळत नाही, तुम्ही मुळापासून सांगा, असं म्हणाली. कालिंदीबाईंना याहून आवडता विषय नव्हता. त्यांनी टाळकरी कुठं उभे राहतात इथपासून सुरुवात केली. भाकऱ्या आटपून निघेपर्यंत आपल्याला उशीर झाला, पोचलो तेव्हा गजर रंगात आला होता, सगळे हात वर करून नाचत होते, अंगावर काटा आला, हे त्यांनी हातवाऱ्यांनिशी सांगितलं. मग आपण कडेकडेनं पुढं गेलो, वीणेच्या पाया पडलो आणि बायकांत येऊन बसलो.

"म्हणजे सरांच्या पाया पडलात?"

"सरांच्या कशाला पडू?" कालिंदीबाई म्हणाल्या. "तो माझ्या धाकट्या दिरापेक्षा लहान. अगं, वीणा ज्याच्या गळ्यात, तो तेवढा वेळ माणूस राहत नाही. त्याच्या पायांवर डोकं ठेवायचं. मग तो सावकार असो की गडी. तोंड कोण बघतं त्याचं?"

"तुम्ही बघितलं नाहीत?"

कालिंदीबाई जरा थांबल्या. नाही, बघितलं नव्हतं. सुरुवातीला सर उभे राहिले हे कोणीतरी सांगितलं होतं आणि शेवटी आरतीला सरच होते. मध्ये दुसरं कोण असणार?

आणखी कोण उशिरा आलं, एवढंच ललितानं विचारून घेतलं. कालिंदीबाईंनी व्हरांड्याच्या पायरीकडे बोट केलं. तिथं आवडी बसली होती. ती मंदिरासमोर फुलं विकी, आणि सत्काराचे हार घेऊन आली होती. हारांचं आता काय होणार याची तिला काळजी पडली होती.

आवडीपाशी ललिता थोडाच वेळ बसली. काय बोलणं झालं ते कोणाला ऐकू गेलं नाही. पण उठताना ललितानं तिला कोर्टात साक्ष द्यायला येतेस का असं विचारलं, आणि आवडी म्हणाली की कोर्टाची पायरी नको गो बाय, पण ही सतरंजी चालंल.

दारातून आत येताना ललिताला रघुवीर सर दिसले. ते एकटेच खिडकीपाशी उभे होते. पलीकडून मंदिरातली वीणा ऐकू येत होती. कीर्तन संपलं तरी ती आता दुसऱ्या कोणाच्या गळ्यात वाजत होती.

"तयारी झाली?" सरांनी विचारलं. शाळेत भाषणाआधी ते असंच विचारत.

"झाली, सर," ती म्हणाली. "एकच साक्षीदार उरलाय."

४

अण्णा टेबलामागं बसले. उजवीकडे दत्तारामशेठ, डावीकडे ललिता. रामजींना मध्ये खुर्ची दिली होती, पण ते खुर्चीच्या मागं उभे राहिले. अण्णांनी सांगूनही बसले नाहीत. या दालनात ते कधी बसलेलेच नव्हते. कशेडीत अडकून उशिरा पोचलेली त्यांची बायको सुंदराबाई वाडीच्या बायकांत पदर तोंडाला लावून उभी होती.

दत्तारामशेठनी आपलं म्हणणं आटोपशीर मांडलं. किल्ल्या दोन. एक किल्लीवाला वीणेपाशी बांधलेला. राहिला दुसरा. चोरी केली असेल असं मी म्हणत नाही, कुलूप नीट लावलं नसेल. पण दोन्हीपैकी काहीही असलं तरी उद्यापासून या माणसाकडे किल्ली नको.

रामजींनी कमरेची किल्ली काढून टेबलावर ठेवली.

ललितानं ती तिथंच राहू दिली आणि आवडीला बोलावलं.

आवडी पुढं आली. आपण हार बुवांना द्यायला गेलो तेव्हा गजर चालला होता, असं तिनं सांगितलं. जाताजाता वीणेच्या पाया पडलो.

"पाय कसे होते?" ललितानं विचारलं.

लोक हसले. दत्तारामशेठ म्हणाले की पाय पायांसारखे असतील. अण्णांनी हात वर केला तेव्हा शांतता झाली.

आवडी म्हणाली, "उजव्या पायावर ढवळा चट्टा हाय. मोठा. भाजल्यागत. मी डोकं टेकलं तर कपाळाला खरखर लागली. मनात आलं, विठ्ठला, काय भोगलंन बिचाऱ्यानं."

"तोंड बघितलंस?"

"त्या वक्ताला तोंड कशाला बगू?"

या गावात कीर्तनाला जाणाऱ्या प्रत्येकाच्या ध्यानात एकाच वेळी तीच गोष्ट आली असावी. आपणही पायच पाहिले होते. किंवा तेही नाही, डोळे मिटले होते. अण्णांनी चष्मा काढून हातात धरला.

ललितानं रघुवीर सरांना पुढं यायची विनंती केली. सर आले. चपला सगळ्यांच्याच बाहेर होत्या. ते सतरंजीवर अनवाणी उभे राहिले, आणि सगळ्यांच्या नजरा न सांगता खाली गेल्या. सरांचे पाय गोरे, स्वच्छ, घासलेले होते. चट्टा नव्हता.

समोरच्याला उत्तर शोधायला नव्हे, ठरवायला वेळ द्यावा, हे ललिताला सरांनीच शिकवलं होतं, आणि तिनं तो दिला. पलीकडे वीणा चालू होती.

"सर, गजर चालला होता तेव्हा वीणा कोणाच्या गळ्यात होती?"

सरांनी वर पाहिलं. ते खोटं बोलू शकले असते. टाळकरी सवला गेले होते, आवडीचं म्हणणं उडवून लावणं अवघड नव्हतं. पण त्यांनी आज दिवसभरात एकदाही खोटं सांगितलेलं नव्हतं. इतरांनी त्यांच्या वतीनं सांगितलं आणि ते ऐकत राहिले होते. वीणेच्या नावावर मात्र स्वतःच्या तोंडानं खोटं सांगणं त्यांच्याच्यानं होईना.

"चांगूच्या," ते म्हणाले. "सवचा चांगू. औद्योगिक वसाहतीत कारखान्यात आहे, तिथं पायावर आम्ल सांडलं होतं. जरा बाहेर जाऊन येतो म्हणालो, त्यानं घेतली. आरतीच्या आत मी परत आलो."

"आणि दालनाची किल्ली?"

"माझ्या खिशात होती."

ललितानं अण्णांकडे वळून मान लववली. "मला आणखी प्रश्न नाहीत."

५

दत्तारामशेठ उभे राहिले. पण का, हे विचारायला नको का, करंडक कुठंय हे विचारायला नको का, असं ते म्हणू लागले. शेठजींना खरोखरच काही कळत नव्हतं, आणि थोडी लाजही वाटत होती.

ललिता म्हणाली, "आरोपी माझे आबा होते, शेठजी. त्यांच्यापुरतं काम झालं. आणि करंडक कुठं आहे ते सरांनी मघाशीच सांगितलंय. काल्यापर्यंत सापडेल म्हणाले."

अण्णांना तेव्हा उलगडलं. काला उद्या सकाळी. काल्याला दहीहंडी भरायची. ती हंडी आत्ता गाभाऱ्यामागच्या खोलीत रिकामी टांगलेली होती, आणि सकाळपर्यंत तिच्यात कोणी हात घालणार नव्हतं. सकाळी हंडी खाली उतरवली की करंडक आपोआप मिळाला असता. तोवर सत्कार मोडलेला असता, पाहुणे गेलेले असते, आणि करंडक घेऊन ललिता सोमवारच्या आत मुंबईला पोचली असती. नुकसान कोणाचंच नाही, असं सरांनी धरलं होतं. कुलूप शाबूत राहिलं की बोट कोणाकडे जाईल, एवढं मात्र त्यांनी धरलं नव्हतं. किंवा धरून बाजूला ठेवलं होतं.

अण्णा आणि सर दोघेच मंदिरात गेले. अंगणात सर आपणहून बोलले.

"मुलीच्या गळ्यात हार घालायला मला कमीपणा नव्हता, अण्णा. ती माझीच विद्यार्थिनी. पण आई-वडिलांचा सत्कार चिटणिसाच्या हस्ते, हे तुम्ही ठरवलंत. जागेवरूनच नावं पुकारू, असं मी तेव्हा म्हणालो होतो, तुम्ही ऐकलं नाहीत. ज्याला रोज पाणी आण म्हणतो, त्याला सगळ्यांदेखत शाल पांघरायची. मला ते झेपेना."

अण्णांच्या मनात आजची कथा आली. कावडीनं पाणी भरणारा देव. बुवा ती सांगत होते, गजर उसळला होता, आणि नेमक्या त्याच वेळी हा माणूस गळ्यातली वीणा उतरवून निघाला होता. पण दोन्ही हातांनी उतरवली असणार, चांगूच्या पायांवर डोकं ठेवून, रीतीप्रमाणे. कारखान्यातल्या कामगाराच्या भाजलेल्या पायांवर डोकं ठेवताना त्याला काही वाटलं नसणार. अण्णांनी हंडी धरली आणि सरांनी आत हात घातला.

परत आल्यावर सरांनी करंडक टेबलावर ठेवला. रामजींची किल्ली उचलली आणि दोन्ही हातांनी त्यांच्यापुढं धरली. रामजींनी ती घेऊन कमरेला लावली. मग सर म्हणाले की चिटणीसपदाचा राजीनामा मी अध्यक्षांकडे देतो, आणि पोलिसांना बोलवायचं तर आता माझ्यासाठी बोलवा.

अण्णांनी ललिताकडे पाहिलं. न्याय करण्याची वेळ आली की शिरस्तेदार दुसऱ्याकडे पाहतो, ही त्यांची जुनी सवय. वाडीची माणसं भिंतीपासून पुढं आली होती. त्यांच्यातल्या काहींना पोलीस हवे होते, आणि त्यात गैर काही नव्हतं. रामजींसाठी पोलीस बोलवायला कोणाला क्षणभर लागला नव्हता.

ललितानं करंडक टेबलाच्या मधोमध सरकवला. मग म्हणाली, "राजीनाम्याचं तुम्ही समितीत बघा. मला एकच हवंय. कार्यक्रम ठरल्याप्रमाणे व्हावा. ज्याचं काम त्यानं करावं."

आवडीनं ओल्या फडक्यातले हार काढले. कंदील लावले गेले. अण्णांनी ललिताला नारळ दिला, दोन वाक्यं बोलले आणि तिसऱ्यावर अडकून खाली बसले. टाळ्या झाल्या. सुंदराबाईंचा सत्कार कालिंदीबाईंनी केला.

मग अण्णांनी रामजींचं नाव घेतलं. रामजी खुर्चीशी आले. ललितानं डोळ्यांनी सांगितलं तेव्हा, अगदी कडेला, बसले. रघुवीर सर शाल घेऊन पुढं झाले. पलीकडची वीणा एकेक तारेनं ऐकू येत होती.

सर समोर येऊन थांबताच रामजींच्या गुडघ्यांनी आपली रोजची सवय पाळली. ते उठू लागले.

ललितानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "बसा, आबा," ती म्हणाली.

रामजी बसले. आणि सर वाकले.